फुलपाखरांच्या बागेत पोरांना नेताय? आधी पानं बघा

पूर्ण बाग बघायची नाही, हे घरातून निघतानाच ठरवून टाका. लहान पोरं सोबत असतील तर एक लिंबाचं झुडूप, एक घाणेरीचं बेट आणि सावलीतलं एक बाकडं एवढं झालं तरी सकाळ वसूल, बाकीचं राहू दे. आपलं काय होतं, गेटवर तो मोठा बोर्ड दिसतो, त्याच्यावर ओळीनं फुलपाखरांचे फोटो, खाली नावं, आणि मग आपण मनातल्या मनात टिकमार्क करत सुटतो, हे दिसलं, ते राहिलं, चल चल पुढे चल. पोरं मात्र गेटपाशीच मुंगळ्यांची रांग बघत उकिडवी बसलेली असतात आणि खरं सांगू का, त्यांचंच बरोबर असतं.

माझी थोरली सहा वर्षांची, धाकटा साडेतीनचा. थोरलीला प्रत्येक गोष्टीचं 'का' हवं असतं आणि धाकट्याला प्रत्येक गोष्टीला हात लावायचा असतो, म्हणजे बागेत माझे डोळे कुठे असतात ते कळलं असेल.

दुसरं म्हणजे भल्या पहाटे जाऊ नका. पक्षी बघायला पहाट ठीक आहे, फुलपाखरांचं तसं नसतं, उन्हात पंख पसरून अंग तापवल्याशिवाय त्यांना धड उडताच येत नाही. ऊन जरा चढलं, नऊ-साडेनऊ झाले की बागेला जाग येते. हे आपल्याही सोयीचं, कारण ज्यांना पोरांना उठवून, आवरून, बूट सापडवून निघायचं असतं त्यांच्यासाठी नऊ म्हणजे पहाटच. थोडं आधी पोचलात तर एक फायदा होतो मात्र, उन्हाला बसलेलं फुलपाखरू फारसं हलत नाही, पोरांना अगदी नाकाजवळून बघता येतं. फक्त आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही, पडली की ते गेलंच.

तर लिंबाचं झुडूप. आम्ही पोचलो तेव्हा एक बाई माळीकाकांना सांगत होत्या, अहो केवढी कीड पडलीय ह्याला, सगळी पानं कुरतडलीयेत, काहीतरी फवारा ना. काका हातातलं काम न सोडता म्हणाले, "बाई, किडीसाठीच तर लावलंय." त्या बाईंना ते पटलं की नाही माहीत नाही, पण मला त्या एका वाक्यात सगळी बाग कळली. फुलं भरपूर आणि एकही पान फाटलेलं नाही अशी बाग दिसली तर समजायचं इथे फुलपाखरं फक्त पाहुणी म्हणून येतात, मध पितात आणि जातात, त्यांचं घर दुसरीकडे कुठेतरी आहे. नाहीतर औषध फवारलंय, आणि मग तर विचारूच नका.

काका बोलत होते तेवढ्यात थोरली ओरडली, आई, ह्या पानावर चिमणीनं शी केलीय. शी हा शब्द ऐकल्यावर धाकटा जिथे असेल तिथून धावत येतो, तसा आला. दोघं वाकून बघतायत. काळपट-तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, वर ओलसर चमक, हुबेहूब पक्ष्याची शीट. आणि ती हलली! मग जी किंचाळाकिंचाळ झाली ती सांगत नाही. ती लाइम बटरफ्लायची लहान अळी होती, लिंबाच्या जातीच्या झाडांवर आणि कढीपत्त्यावर वाढते. लहान असताना ती अशी शीटीसारखी दिसते म्हणजे पक्षी बघून न बघितल्यासारखं करतात, आपलीच शीट कोण खाणार. थोडी मोठी झाली, कात टाकली की शेवटच्या टप्प्यात एकदम हिरवीगार होते, पानात पान. आम्हाला त्याच फांदीवर खाली एक हिरवी पण सापडली, म्हणजे सापडली धाकट्याला, कारण ती त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर होती. मी वरून बघत होते, मला नुसती पानं दिसत होती.

ती खाते कशी ते बघा कधीतरी, खरंच वेळ काढून बघा. पानाच्या कडेला आडवी पकड घेते, डोकं वर नेते आणि वरून खाली एक सरळ घास ओढत आणते, मग परत वर, परत खाली. प्रत्येक वेळी पानाची कड थोडी आत सरकते. कान जवळ नेला तरी आपल्याला आवाज येत नाही पण थोरली म्हणाली येतोय, बरं, येत असेल. काकांनी गवताची एक काडी घेतली आणि अळीच्या मानेपाशी हलकेच टेकवली तर डोक्यामागून दोन लालसर-केशरी शिंगं बाहेर आली, ओलीओली, आणि एक उग्र वास सुटला. शत्रूला घाबरवायचं हत्यार ते. दोन क्षणात शिंगं परत आत. धाकटा म्हणाला परत कर, काका म्हणाले नाही राजा, तिला त्रास होतो, एकदा बघितलं ना. मला हे फार आवडलं, की दाखवलं पण खेळणं नाही केलं.

तेवढ्यात एक मोठं फुलपाखरू आलं आणि फुल एकही नसलेल्या त्या झुडपाभोवती घुटमळायला लागलं. पानावर टेकायचं, पाय आपटल्यासारखे करायचं, उडायचं, दुसऱ्या पानावर. ही मादी. पायांनी पानाची चव घेते, हेच ते झाड आहे ना याची खात्री करून घेते आणि मग कोवळ्या पानावर एक अंडं ठेवते, मग दुसऱ्या पानावर दुसरं. अंडं पिवळसर, गोल, टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडंसंच लहानमोठं असेल. मी पोरांना सांगितलं की फुलपाखराला पायानं चव कळते, तर थोरलीनं 'का' विचारायला तोंड उघडलंच होतं आणि धाकट्यानं तोवर चप्पल काढून पाय पानाला लावला. म्हणाला, मला नाही लागली.

ह्यानंतर दोन प्रकारची झाडं असतात हे पोरांना सांगणं एकदम सोपं जातं. मोठ्यांच्या जेवणाची, म्हणजे मधाची फुलं, आणि बाळांच्या जेवणाची, म्हणजे पानं. मोठं फुलपाखरू कुठल्याही बऱ्याच फुलांवर भागवतं पण अळीचे नखरे असतात, तिला तिचंच झाड लागतं. लिंबावरच्या अळीला रुईचं पान दिलं तर उपाशी मरेल पण खाणार नाही. म्हणून नुसता झेंडू आणि सदाफुली लावून बोर्ड ठोकला की फुलपाखरांची बाग होत नाही. त्यातही नर्सरीतली ती गच्च पाकळ्यांची फुलं असतात ना, दिसायला भारी, पण त्यातल्या बऱ्याच जातींमध्ये परागाच्या जागी पाकळ्याच झालेल्या असतात, मधमाशीला आत जायला वाट नाही आणि गेली तरी हाताला फारसं काही लागत नाही. साध्या एकेरी पाकळ्यांचं फूल बरं.

रुईवरून आठवलं. रुईच्या झाडाजवळ पोरांचा हात घट्ट धरा, तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, हे मी बागेत दर वेळी धाक घालून सांगते. कण्हेर पण विषारी, तोंडात काही घालायचं नाही. पण लांबून बघायला रुईसारखं झाड नाही. प्लेन टायगर नावाचं नारिंगी फुलपाखरू असतं, त्याची अळी रुईची पानं खाते आणि त्यातलं विष अंगात साठवते, ते मोठं झाल्यावरही त्याच्या अंगात राहतं, मग पक्षी एकदा चाखून बघतो, थुंकतो आणि परत त्या रंगाच्या वाटेला जात नाही. गंमत पुढे आहे. डॅनेड एगफ्लाय म्हणून दुसरंच एक फुलपाखरू आहे, त्याच्यात नर काळा, पंखांवर पांढरे मोठे ठिपके, आणि मादी मात्र अगदी ह्या प्लेन टायगरसारखी नारिंगी. अंगात तसलं विष नाही, नुसता ड्रेस घातलाय. थोरली जरा विचार करून म्हणाली, म्हणजे ती खोटं बोलते आणि वाचते? मी म्हटलं हो. आता ह्यावर खोटं बोलू नये हे कसं शिकवायचं ते तुम्हीच सांगा.

मधमाश्यांकडे वळू, कारण खरा प्रश्न तोच असतो, चावली तर? माझा अनुभव असा की पोरं आपल्याला बघून घाबरतात. आपण हात झटकत मागे पळालो की ती पण पळतात. फुलावर काम करत असलेल्या माशीला तुमच्यात काडीचा रस नसतो, तिला हात मारला, पायाखाली आली किंवा पोळ्याजवळ दंगा केला तर ती उलटते. पोळं दिसलं तर मात्र लांबूनच राम राम, तिथे शौर्य दाखवायचं नाही. आणि चावलीच तर मधमाशीचा काटा कातडीत अडकून राहतो, तो लगेच खरवडून काढायचा, नखानं काढा नाहीतर कार्डानं, पण वेळ घालवायचा नाही कारण तेवढा वेळ विष आत जात राहतं. अंगावर गांधी उठल्या, चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर तडक दवाखाना. एवढं डोक्यात पक्कं असलं की आपण शांत राहतो.

अजून एक, लाल शर्ट घातला तर माशा येतात असं मला निघताना हमखास कोणीतरी सांगतंच. मधमाशीला लाल रंग नीट दिसतच नाही. उलट आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश तिला दिसतो आणि कित्येक फुलांवर त्या प्रकाशात मधाकडे जायच्या खुणा असतात, आपल्याला साधं पिवळं दिसणारं फूल तिला वेगळंच दिसतं. धाकट्यानं लाल शर्टच घातला होता आणि तो दिवसभर सगळ्यांना सांगत होता, मी माशीला दिसत नाही.

भुंगा मात्र त्याला नको होता. काळा, जाडजूड, ढगात विमान घुमल्यासारखा आवाज, कोणीही घाबरेल. नर भुंग्याला नांगीच नसते आणि मादी उगाच कोणाला चावत नाही, हे साडेतीन वर्षाच्या माणसाला पटवणं अवघड. मग आम्ही वांग्याच्या फुलाजवळ बसलो, थोडं लांब, आणि डोळे मिटून नुसतं ऐकायचं ठरवलं. उडताना एक आवाज. फुलावर बसला की शांत. आणि मग अचानक बारीक, चढ्या सुरातली गुर्रर्र. वांगं, टोमॅटो ह्यांचे पराग बंद नळीत असतात, नळीच्या टोकाला बारीक भोक, त्यातून ते सहज पडत नाहीत, म्हणून भुंगा फुलाला कवटाळतो आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो, फूल हादरतं आणि पराग भुरभुर खाली येतात. मधमाशीला हे जमत नाही. निळ्या पट्ट्यांची एक छोटी माशी असते तिला जमतं, भुंग्याला जमतं. दोन-तीनदा तो सूर बदलताना ऐकल्यावर धाकट्याची भीती गेली असं नाही म्हणणार मी, पण मांडीवरून तो उतरला आणि गुर्रर्र करत फिरायला लागला.

सगळ्या माशा पोळ्यात राहतात हा समज पोरांच्या पुस्तकांनी करून दिलाय. जगात माश्यांच्या २०,००० च्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकट्या राहणाऱ्या, राणी नाही, मध नाही, पोळं नाही, एक मादी आणि तिचं एक भोक, बहुतेकींचं जमिनीत. म्हणून बागेत एका कोपऱ्यात मातीचा उघडा तुकडा मुद्दाम सोडलेला होता, भोवती दगड लावलेले. बांबूच्या नळ्यांचं एक घरटं पण टांगलं होतं, काही नळ्या मातीनं लिंपून बंद आणि काही हिरव्या पानांच्या तुकड्यांनी. मग ती पानं आली कुठून ह्याचा शोध सुरू झाला आणि गुलाबाच्या झाडाशी संपला, त्याच्या पानांना कडेनं स्वच्छ गोल कापे, ओरबाडलेले नाहीत, कापलेले. पान कापणारी माशी तोंडानंच कापते आणि तुकडा पोटाशी धरून घेऊन जाते. इथे अळीनं खाल्लेलं पान आणि माशीनं कापलेलं पान ह्यातला फरक थोरलीनं स्वतः सांगितला, अळीचा घास वेडावाकडा, माशीचा गोल. मला त्या क्षणी फार भारी वाटलं, कबूल करते.

घाणेरीचं सांगते आणि पुढे जाते. हे झुडूप रानात सुटलं की बाकी सगळ्यांना दाबून टाकतं, त्यामुळे घरी लावा असं मी म्हणणार नाही, पण पोरांना पाच मिनिटं गुंतवायला झकास. एका गुच्छात मधली फुलं पिवळी, कडेची गुलाबी किंवा लाल. पिवळी नवी, मध असलेली, जुनी झाली की रंग बदलतात. फुलपाखरू कुठल्या रंगावर जास्त वेळा सोंड घालतं ते पोरांना मोजायला लावा, बोटं कमी पडतात पण उत्तर बरोबर येतं.

मग एक वेळ येते जेव्हा सगळ्यांचाच पेट्रोल संपतो. बाकड्यावर बसलो, पाणी झालं, खाऊ झाला, धाकट्याची किरकिर चालू झाली. अशा वेळी मी मधमाशीचा नाच काढते. फुलं सापडलेली माशी पोळ्यात येऊन नाचते, सरळ एक रेघ शेपूट हलवत, मग अर्धा गोल मारून परत सुरुवातीला, परत तीच रेघ, आणि मग दुसऱ्या बाजूनं अर्धा गोल. रेघेची दिशा म्हणजे सूर्यापासून किती वळायचं ते आणि जितका वेळ शेपूट हलवते तितकं लांब जायचं. कार्ल फॉन फ्रिश नावाच्या माणसानं हे उलगडलं आणि १९७३ मध्ये त्याला दोघांबरोबर नोबेल मिळालं. आमचा खेळ सोपा, मी बाटली लपवते, एकाला दाखवते, त्यानं बोलायचं नाही, नुसतं नाचून दुसऱ्याला सांगायचं. थोरली दिशा अगदी नीट दाखवते. धाकटा नाचतो तो नाचतच राहतो, त्याच्या हिशेबानं बाटली दुसऱ्या खंडात असणार. बाजूच्या बाकड्यावरची दोन अनोळखी पोरं पण येऊन सामील झाली, त्यांचे आजोबा आधी कपाळाला आठ्या घालून बघत होते, नंतर त्यांनीच बाटली लपवायला घेतली.

खेळून दमल्यावर थोरलीनं विचारलं की माशी नसेल तर फुलाचं फळ कोण करणार. म्हणून तिला एडमंड अल्बियसची गोष्ट सांगितली. रीयूनियन बेटावर व्हॅनिलाचे वेल नेले होते, वेल वाढायचे, फुलायचे, पण शेंग धरायची नाही कारण तिथे तिची माशीच नव्हती. १८४१ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलानं, तो गुलाम होता, एक बारीक काडी घेतली, फुलातला मधला पडदा उचलला आणि अंगठ्यानं पराग दाबून लावले. झालं. आजही जगात व्हॅनिलाची बहुतेक शेंग अशीच, एकेक फूल हातानं, धरवली जाते. थोरली म्हणाली, मग त्याला काय दिलं? मी म्हटलं, काही नाही, त्याच्या शोधावर दुसरे श्रीमंत झाले, १८४८ ला गुलामी संपली तेव्हा तो सुटला आणि शेवटी गरिबीतच गेला. ती इतकी चिडली की घरी येईपर्यंत तेच. गोष्ट गोड करून सांगायला हवी होती असं आजोबांचं मत पडलं, माझं नाही. सहा वर्षांच्या मुलांना अन्याय चांगला कळतो, त्यांना रोज कोणाला मोठा तुकडा मिळाला ह्याचा हिशेब असतो.

हातात फुलपाखरू धरण्याबद्दल. नाही म्हणजे नाही. बोटाला लागते ती रंगाची पावडर नसून पंखांवरचे खवले असतात, गेले की परत येत नाहीत. थांबून बसलात तर कधी कधी ते स्वतःच अंगावर येऊन बसतं, घामातलं मीठ हवं असतं त्याला, ओल्या चिखलावर थवे बसलेले दिसतात तेही ह्याच मिठासाठी, बहुतेक नरच असतात. केसाळ अळीला तर चुकूनही हात नको, खाज आणि पुरळ उठते, इथे मी कितीही गोड आई असले तरी ओरडते.

निघताना अळी डबीत घालून घरी न्यायची मागणी आलीच. मी काही बोलायच्या आत काकांनी धाकट्याला विचारलं, तिला रोज जेवायला काय देशील? तो म्हणाला बिस्कीट. काका मला म्हणाले, ताई, अळी न्यायची तर झाड पण न्यावं लागेल, त्यापेक्षा झाडच न्या, अळी आपली आपण पत्ता शोधत येते. लिंबाचं एक रोप आता खिडकीत आहे आणि थोरली रोज सकाळी पानं उलटी करून बघते. एक पान फाटलेलं निघालं होतं, फार मोठा उत्सव झाला, ते वाऱ्यानं खिडकीच्या गजाला घासून फाटलं होतं.

आणि जवळपास अशी बाग नसेल तर अडून बसू नका. गवत न कापलेला कुठलाही तुकडा बघा, एकदांडीची फुलं असतात ना ती, पिवळं मधलं आणि भोवती पाच पांढुरकी पाकळ्या, तिच्यावर नखाएवढी निळसर फुलपाखरं हमखास येतात, पोरांच्या गुडघ्याच्या उंचीवर. पोरांना खाली बसवा, तुम्ही पण बसा, मांडी घालता येत नसेल तर छोटं स्टूल न्या. आणि गवत कापायला कोणी मशीन घेऊन आलं तर निदान तेवढा तुकडा फुलं सरेपर्यंत सोडा म्हणून सांगून बघा. आमच्याकडे थोरली स्वतः जाऊन सांगून आली, तिनं नक्की काय सांगितलं माहीत नाही पण तो माणूस हसत हसत मशीन दुसऱ्या बाजूला घेऊन गेला.